उद्यमनगरातला मोजून बोलणारा मिस्त्री आणि माझी 2006 ची करिझ्मा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, परवा आंबोलीवरून येताना गडहिंग्लजच्या अलीकडं गाडीचं मीटर 1,12,000 ला टेकलं आणि म्हटलं आता बसून लिहूनच टाकू. रिव्ह्यू कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजचा आहे, पण गाडीचं सांगितल्याशिवाय गॅरेजचं महत्त्व कळणार नाही त्यामुळं आधी गाडी.

गाडी म्हणजे मोटारसायकल, हिरो होंडा करिझ्मा, नोव्हेंबर 2006 चं पासिंग, एमएच 09. मी 2012 ला कंपनीतल्या एका सिनियरकडून घेतली, तेव्हा 41 हजार झालेली. 2003 ला ही गाडी पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही कॉलेजला, राजारामपुरीत एकाच्या दारात लाल रंगाची उभी असायची आणि आम्ही चौघंपाचजण मुद्दाम त्या गल्लीतून जायचो. 223 सीसी, एअर कूल्ड, कार्बुरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग), पॉवर 17 बीएचपीच्या आसपास, पाच गिअर. आजच्या 200 सीसीच्या काही गाड्या 24 च्या वर पॉवर देतात, एबीएस देतात, हिला मागं ड्रम ब्रेक आणि पुढचा टायर 2.75 चा, बारीक. तरीपण सकाळी सहाला तावडे हॉटेलजवळून हायवेला लागून 80-85 ला सोडली की दिवसभर त्याच लयीत चालते, हँडल उंच असल्यामुळं पाठ दुखत नाही, टाकी 15 लिटरची आणि हायवेला 40 चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे इथून बेळगाव, हुबळी, गदग, होस्पेट करत हंपीला गेलो तरी टाकीत परतीचं निम्मं पेट्रोल शिल्लक असतं. मी तीनदा गेलोय, त्यात एकदा बायकोला मागं घेऊन. घाटात तर विचारूच नका, करूळला वैभववाडीकडून वर चढताना चौथ्या गिअरमध्ये जो एकसारखा आवाज धरते ना तो ऐकायला मी गगनबावड्याला चहाच्या निमित्तानं जातो.

आता 2019.

ज्यांनी तो ऑगस्ट बघितलाय त्यांना सांगायला नको. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे आठवडाभर बंद. आम्ही तेव्हा शाहूपुरी कुंभार गल्लीच्या बाजूला भाड्यानं राहत होतो, जयंती नाल्याच्या अंगाला. 5 तारखेला रात्री आईला आणि पोरीला बहिणीकडं कळंब्याला सोडून आलो, स्कूटर तिकडं राहिली, सकाळी करिझ्मा काढू म्हटलं तर सकाळी पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी. पाच दिवस गाडी पाण्याखाली. पाणी उतरल्यावर बघितली तर टाकीवर, सीटवर, मीटरच्या काचेच्या आतसुद्धा चिखल. आईनं बादलीभर पाणी आणून हातानं तिचा हेडलाइट धुतला आणि म्हणाली, "बघ रं, होती का काय नीट." त्यावेळी डोळ्यात पाणी आलं हे इथं लिहायला मला काही वाटत नाही.

पुढची चूक माझी घाईची होती. त्या आठवड्यात सगळ्या शहराच्या गाड्या गॅरेजला लागलेल्या, जिथं पटकन नंबर लागला तिथं टाकली (नाव घेत नाही, त्यांच्यावरपण तेव्हा कामाचा डोंगर होता). त्यांनी ऑइल काढलं, ते दुधाच्या चहासारखं निघालं, नवीन टाकलं, प्लग बदलला, बॅटरी घातली आणि सेल्फ मारून चालू करून दिली. बुडालेल्या गाडीचं असं करायचं नसतं हे मला नंतर कळलं. प्लग काढून आधी सिलेंडरमधलं पाणी बाहेर काढायचं, ऑइल दोनतीनदा बदलून पाण्याचा अंश संपेपर्यंत धुवायचं, कार्बुरेटर आणि टाकी पूर्ण रिकामी करायची, सायलेन्सरमधलं पाणी काढायचं, एअर फिल्टर फेकायचा, दोन्ही चाकांची बेअरिंग बघायची, वायरिंगचा एकेक कप्लर (जोड) उघडून साफ करायचा आणि मग, सगळ्यात शेवटी, सेल्फचं बटण. पाच दिवसात बोअरला, म्हणजे पिस्टन ज्या पोकळीत वर-खाली होतो तिला, आतून गंज धरलेला असतो आणि त्या गंजावर पिस्टन फिरवला की पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. महिन्याभरात गाडी निळा धूर टाकायला लागली, हजार किमीत अर्ध्या लिटरच्या वर ऑइल खायला लागली आणि खालून एक ठकठक. परत नेली तर म्हणाले पूर्ण ब्लॉक (बोअर ज्याच्यात असतो तो भाग) बदला, क्रँक असेंब्ली (पिस्टनच्या जोरावर गोल फिरणारा दांडा) बदला, नाहीतर भंगारात घाला, अशा गाडीत कोण पैसे घालतंय.

मी गोकुळ शिरगावला एका कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर मायक्रोमीटर आणि डायल गेज ही मापाची साधनं हातात. तिथल्याच एका टर्नरनं सांगितलं की उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं टाका, पण घाई करू नका.

नाव आणि नंबर इथं देत नाही कारण त्यांनीच सांगितलंय की जेवढं काम आहे तेवढंच झेपतंय. शिवाजी उद्यमनगरात वाय. पी. पोवारनगरच्या अंगाला जा आणि दुचाकीचा क्रँक प्रेस करून सरळ करणारे मिस्त्री कुठं बसतात असं कुणालाही विचारा, चहावालासुद्धा दाखवेल. दहा बाय वीसची शेड, बाहेर बोर्ड नाही, आत एक जुना लेथ, एक हँड प्रेस, भिंतीला मापाप्रमाणं लावलेले पाने आणि एका लाकडी पेटीत मऊ कापडात गुंडाळलेले बोअर गेज आणि मायक्रोमीटर. ती पेटी बघितली आणि मला निम्मं समाधान तिथंच मिळालं. वय साठीच्या पुढं, बोलणं कमी.

मी सगळं सांगायला लागलो, पुराचं, धुराचं, ब्लॉक बदला म्हणतात ते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पाव्हणं, आधी मोजू. मग बोलू."

आणि खरंच मोजलं, माझ्यासमोर. या इंजिनचा स्टँडर्ड बोअर, म्हणजे आतला व्यास, 65.5 मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, 66.2. त्यांनी बोअर वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा सहा वेळा मोजला, खडूनं लोखंडी टेबलावर लिहिला, आणि मला म्हणाले तुम्हीपण बघा की एकदा. वरच्या बाजूला 65.61 आला, वर गंजाचे खड्डे नखाला लागत होते. मग कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा) धरून वर-खाली हलवला. आडवा थोडा हलला तर चालतो, वर-खाली खेळ असला की बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) गेलं. खेळ होता, ठकठक तीच होती.

मग सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतंय. 0.25 चा ओव्हरसाइज, म्हणजे 0.25 मिमी मोठा, पिस्टन घातला तर बोअर 65.75 होईल, पण खड्डे पुसले जाणार नाहीत, पैसे वाया जातील. 0.50 ला गेलो म्हणजे 66.00 ला, तर पृष्ठभाग पूर्ण साफ निघेल. त्याच्यापुढं अजून 0.75 आणि 1.00 शिल्लक राहतंय, म्हणजे ब्लॉकला अजून दोन आयुष्य आहेत, कशाला बदलायचा? क्रँकचे दोन्ही वेब (बाजूच्या तबकड्या) चांगले आहेत, फक्त कनेक्टिंग रॉडचं किट घालू, प्रेस करू, सेंटरला धरून डायल लावून सरळ फिरतोय का बघू.

ज्या गाडीला चार दिवसांपूर्वी भंगार म्हटलं होतं त्याच गाडीबद्दल हे ऐकत होतो. कुठलंही गोड बोलणं नाही, फक्त आकडे.

आता त्रासाचं सांगतो, कारण फक्त कौतुक लिहिलं तर वाचणाऱ्याची फसवणूक होईल. सात आठवडे लागले. सात! त्यातले तीन आठवडे एका पिस्टनसाठी. 0.50 चा पिस्टन कोल्हापुरात कुठं मिळेना, लक्ष्मीपुरी झालं, शाहूपुरीतली सगळी स्पेअरपार्टची दुकानं झाली, सांगली-मिरजेला फोन झाले, शेवटी पुण्यात नाना पेठेत मिळाला आणि एका मित्रानं एसटीच्या पार्सलनं पाठवला. त्या तीन आठवड्यात मी रोज म्हणायचो मिस्त्री निदान बोअर तरी करून ठेवा, माप तर माहितीच आहे. ते हलले नाहीत. "पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर न्हाई. पाकिटावर 0.50 लिहिलंय म्हणून पिस्टन 0.50 चा असतोय असं नसतंय." मी रागावलो होतो, खरं सांगतो. पण पिस्टन आल्यावर त्यांनी तो स्कर्टला (खालच्या भागाला) मोजला, त्याच्याप्रमाणं बोअरचं शेवटचं माप ठरवलं आणि शेवटचा हात होनिंगचा (बारीक घासाईचा) दिला तेव्हा माझा राग गेला, कारण हीच गोष्ट मी कंपनीत नवीन पोरांना शिकवतो, कागदावरच्या मापावर विश्वास ठेवू नका, हातातला पार्ट मोजा. पिस्टन आणि बोअरमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते, जरा जास्त झाली की आवाज आणि धूर, कमी झाली की तापल्यावर पिस्टन जाम. क्रँकपण तसाच, प्रेस करून सेंटरवर फिरवला, डायलचा काटा बघत तांब्याच्या हातोड्यानं एकेक ठोका देत दुपारभर बसले आणि 0.03 मिमीच्या आत आणूनच उठले. त्या दिवशी मी हाफ डे टाकून तिथं नुसता बघत बसलो होतो.

बाकीच्या तक्रारी. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. छापील बिल नाही, वहीत लिहितात, पण वही पूर्ण दाखवतात, कुठला बेअरिंग कितीला आणला ते दुकानाच्या पावतीसकट. काढलेले सगळे जुने पार्ट पिशवीत घालून परत देतात, न मागता. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्या घेत नाहीत, स्कॅनर नाही त्यांच्याकडं, सरळ सांगतात की हे माझं काम नव्हे. फेअरिंगचे (पुढच्या प्लॅस्टिक आवरणाचे) कान तुटलेले ते त्यांनी केले नाहीत, ते मी दुसरीकडं प्लॅस्टिक वेल्डिंग करून घेतले. आणि गाडी मिळाल्यावर आठव्या दिवशी हेडच्या गॅस्केटजवळून ऑइल पाझरायला लागलं. घेऊन गेलो तर एक शब्द न बोलता हातातलं काम बाजूला ठेवून हेड उघडलं, फेस काचेवर घासून परत बसवला, पैसे विचारले तर हात जोडले. माझ्या हातून राहिलंय ते, म्हणाले. असं बोलणारा माणूस मला गॅरेज लाइनला तरी पहिलाच भेटला.

खर्च: पिस्टन किट, रॉड किट, टायमिंग चेन, बेअरिंग, सगळ्या सील, बोअरिंग, व्हॉल्व्ह लॅपिंग, मजुरी धरून 17,400. त्यावेळी तेवढ्या पैशात तशीच दुसरी सेकंडहँड करिझ्मा आली असती असं बरेच जण म्हणाले. आली असती, पण तिच्या आत काय आहे ते कोण सांगणार होतं? माझ्या इंजिनच्या आतलं प्रत्येक माप माझ्या डायरीत लिहिलेलं आहे.

रनिंग-इनचं, म्हणजे नवीन केलेलं इंजिन सुरुवातीला कसं चालवायचं, ते त्यांनी सांगितलेलं इथं लिहितो, कुणाला उपयोग होईल. पहिलं ऑइल 300 किमीला काढायचं, ते चाळून बघायचं. पहिले 1000 किमी 50-60 च्या आत, पण एकाच वेगात धरून ठेवायची नाही, कमी-जास्त करत चालवायची म्हणजे पिस्टनच्या रिंगा बसतात. डबलसीट घाट चढायचा नाही. मी रोज संध्याकाळी रंकाळ्यावरून फुलेवाडी, तिथून कळे आणि परत असं करत हजार पूर्ण केले.

2021 च्या जुलैला परत पाणी आलं, 2019 पेक्षाही वर. पण त्या वेळी पहिल्या इशाऱ्यालाच गाडी काढून बहिणीकडं कळंब्याला नेऊन लावली, मग घरातल्या वस्तू उचलल्या. त्याच वर्षी पंधरा वर्षं पूर्ण झाली, आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू करून घेतली, इन्स्पेक्शनला गाडी चालू करून दाखवली तर साहेबांनी विचारलं इंजिन कुणी केलंय.

सध्याचा त्रास पेट्रोलचा. 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आता सगळीकडं आहे. इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं, मळीचं, त्यामुळं शेतकऱ्याच्या हातात चार पैसे जातात ते चांगलंच आहे, माझा मामाच कागलला ऊस लावतो. पण 2006 ची कार्बुरेटरची गाडी त्याच्यासाठी बनलेली नाही ही पण वस्तुस्थिती आहे. इंजेक्शनची गाडी सेन्सरवर बघून पेट्रोल कमी-जास्त करते, कार्बुरेटरला ते कळत नाही, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), थंडीत सकाळी चोक जास्त वेळ लागतो, अ‍ॅव्हरेज माझं 40 वरून 37 वर आलंय कारण इथेनॉलमध्ये लिटरमागं ताकद पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते. जुनं रबर फुगतं किंवा कडक होतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पावसाळ्यात महिनाभर गाडी उभी राहिली तर टाकीच्या तळाला पाणी. गेल्या वर्षी आंबा घाटात साखरप्याच्या वर गाडी झटके द्यायला लागली, बाजूला घेऊन कार्बुरेटरचा ड्रेन स्क्रू सोडला तर पहिल्यांदा पाण्याचे थेंबच आले.

मिस्त्रींकडं नेली. पेट्रोल पाइप बदलला, फ्लोट बाउलची (कार्बुरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीची) गॅस्केट आणि ओ-रिंगा नव्या घातल्या, टाकी आतून धुऊन वाळवली, मिक्सचर स्क्रू अंदाजे पाव आटा सोडला, मग प्लग काढून त्याचा रंग बघितला, परत थोडा सोडला, परत प्लग. तीन वेळा. मजुरी 350. आणि एक सवय लावून दिली, चारपाच दिवसांपेक्षा जास्त गाडी उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची म्हणजे बाउल कोरडा होतो, आणि टाकी मात्र भरलेली ठेवायची, रिकाम्या जागेत हवा नको. तेव्हापासून झटका नाही.

कुणी विचारेल एवढं करून मिळतं काय? गेल्या डिसेंबरची गोष्ट सांगतो. वडील 71 वर्षांचे, गुडघ्याचं दुखणं, म्हणाले एकदा दाजीपूरला जाऊ, त्यांची पहिली नोकरी राधानगरीला होती. कारनं जाऊ म्हटलं तर नको म्हणाले, करिझ्मावर ने. पहाटे निघालो, धुकं होतं, हळदीच्या पुढं थंडी अंगात शिरायला लागली, बाबांनी मागून माझ्या जॅकेटच्या खिशात हात घातले. राधानगरी धरणाच्या बाजूला थांबलो, गाडी बंद केली, इंजिन थंड होताना पत्र्याचा जो टकटक आवाज येतो तेवढाच, बाकी काही नाही. बाबा इंजिनकडं हात नेऊन ऊब घेत उभे होते आणि स्वतःच्या नोकरीच्या दिवसांचं सांगत होते, शाहू महाराजांनी हे धरण कसं सुरू केलं इथपासून ते त्यांची पहिली सायकल इथं कुठं पंक्चर झाली इथपर्यंत. तासभर. घरी त्यांनी कधी एवढं सलग सांगितलेलं मला आठवत नाही.

येत्या नोव्हेंबरला गाडीला वीस वर्षं होतील. वीस वर्षांवरच्या दुचाकीला रिन्यूअलची फी आता 2000 केली आहे, पर्यावरण कर वेगळा, एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबर) प्लेट 531 रुपये देऊन बसवून झाली. त्याच्या आधी पुढच्या फोर्कच्या ऑइल सील आणि हँडलचा कोनसेट (बेअरिंग) करायचाय, डावा फोर्क ओला दिसतोय. मिस्त्रींना सांगून आलोय, त्यांनी वहीत नाव लिहिलंय, माझ्या आधी एक यझदी आणि दोन बुलेट आहेत, मे महिन्याचा दुसरा आठवडा म्हणाले.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी दहाच्या आधी जा, दुपारनंतर लेथ चालू असतो आणि बोलणं ऐकू येत नाही. आधी कुठं काम केलं असेल तर काय काय बदललं ते कागदावर लिहून न्या, गाडी धुऊन न्या. आणि किती दिवस लागतील हे मोजायच्या आधी विचारू नका, उत्तर मिळणार नाही.